अक्षांश-रेखांश आणि लपविलेला डबा

शाळाभेटीच्या वेळी भूगोलाच्या तासाला मी पुष्कळदा एक प्रश्न विचारतो. फळ्यावर '२०° उत्तर, ७८° पूर्व' असे लिहितो आणि ही जागा कोठे आहे, ते मुलांना सांगावयास लावतो. बहुतेक मुले भिंतीवरील नकाशाकडे धावतात. काही चुणचुणीत मुले दोन रेषांवर बोटे सरकवीत बरोबर छेदबिंदू दाखवितात. "ही जागा नकाशात आहे", असे ती अभिमानाने सांगतात. "आणि जमिनीवर कोठे आहे?" असे विचारले की वर्गात शांतता पसरते. आजवर या प्रश्नाचे उत्तर मला क्वचितच मिळाले आहे.

वस्तुतः तो बिंदू आपल्याच जिल्ह्यात, आर्णीच्या परिसरात आहे. विसावा उत्तर अक्षांश आणि अठ्ठ्याहत्तरावा पूर्व रेखांश हे यवतमाळ जिल्ह्याच्या मातीतच एकमेकांस छेदतात. आपला जिल्हा सुमारे १९°२६′ ते २०°४२′ उत्तर अक्षांश आणि ७७°१८′ ते ७९°०९′ पूर्व रेखांश यांच्या दरम्यान पसरला आहे. हे आकडे आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. पण पाठ केलेला आकडा पायाखालच्या जमिनीशी जोडला गेला नाही, तर तो परीक्षेनंतर विसरलाच जावयाचा. हा जोड घालून देणारा एक खेळ जगात गेली काही वर्षे लोकप्रिय झाला आहे. त्याची माहिती आपल्या शिक्षक बंधुभगिनींस करून द्यावी आणि आपल्या शाळांना तो कितपत उपयोगी आहे याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचा उगम

या खेळाचे नाव जिओकॅचिंग. 'जिओ' म्हणजे भूमी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला ठेवा. मराठीत आपण त्यास 'ठेवा-शोध' म्हणू. एका व्यक्तीने घट्ट झाकणाचा एक डबा एखाद्या ठिकाणी लपवावयाचा, त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जाहीर करावयाचे आणि इतरांनी केवळ त्या आकड्यांच्या आधारे तो शोधून काढावयाचा, असे त्याचे साधे स्वरूप आहे. डब्यात एक लहान वही व पेन्सिल असते. शोधणाऱ्याने वहीत नाव व दिनांक लिहावा आणि डबा होता तसा परत ठेवावा. आत काही लहानसहान वस्तू असतील, तर एखादी घ्यावी. मात्र तिच्या मोलाची किंवा तिच्याहून बरी वस्तू तेथे ठेवावी. डबा जमिनीत पुरू नये, त्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत, हेही नियम आहेत.

या खेळाचा जन्म आकाशातील उपग्रहांमुळे झाला. अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रहमालेचे संकेत सामान्य नागरिकांस पूर्वी मुद्दाम अस्पष्ट करून दिले जात. त्यामुळे स्थाननिश्चितीत सुमारे शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० च्या आरंभी अमेरिकन शासनाने ही अस्पष्टता काढून टाकली. लागलीच ३ मे २००० रोजी ऑरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराजवळ डेव्ह अल्मर नावाच्या संगणक-सल्लागाराने काही वस्तू, वही व पेन्सिल घातलेली एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. संकेत खरोखरच अचूक झाले आहेत काय, हे त्याला पाहावयाचे होते. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधली. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक ठेवे आहेत. २००८ मध्ये एका अंतराळप्रवाशाने एक ठेवा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही नेऊन ठेवला!

फिरत्या घरांतील प्रवासी

या खेळाचा छंद विशेषतः कोणास जडला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत व युरोपात मोटारीलाच घर जोडलेले असते. झोपावयाची जागा, चूल, पाण्याची टाकी, सारे काही गाडीतच. नोकरीतून निवृत्त झालेली कित्येक जोडपी अशा गाडीत महिनोन्‌महिने राहतात आणि देशभर हिंडतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले.

आपणांस ही कल्पना अगदी नवीन वाटू नये. आपल्या जिल्ह्यातील बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून, अवघा संसार बरोबर घेऊन देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. तांडा आज कोठे उतरावयाचा, पाणी कोठे, चारा कोठे, ही माहिती त्यांच्या स्मरणात असे. त्यांच्याजवळ छापील नकाशा नव्हता. पण जमिनीची ओळख मात्र पक्की होती. गाडीतच राहणाऱ्या आधुनिक प्रवाशाची अडचण उलट आहे. त्याच्याजवळ नकाशे भरपूर असतात. परंतु मोठ्या रस्त्याने वेगाने जाताना त्याला एकही गाव नीट दिसत नाही.

ही उणीव ठेवा-शोधाने भरून निघते. मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर जवळपास कोणता ठेवा आहे हे प्रवासी पाहतो आणि गाडी उभी करून पायी निघतो. ठेवा बहुधा अशा ठिकाणी असतो की जे स्थानिक माणसास प्रिय, पण परक्यास अज्ञात असते. कोठे जुनी पाणचक्की, कोठे टेकडीवरून दिसणारे खोरे, कोठे विस्मृतीत गेलेला पूल. डबा हे निमित्त. खरा लाभ असतो तो त्या जागेचा. काही डब्यांत क्रमांक कोरलेले धातूचे बिल्ले असतात. प्रवासी असा बिल्ला उचलून शेकडो मैलांवरील दुसऱ्या डब्यात ठेवतो आणि त्याच्या प्रवासाची नोंद होत राहते. सतत फिरतीवर असणाऱ्यांस हे काम साहजिकच आवडते.

या खेळाचा एक प्रकार शिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावा. त्यास 'अर्थकॅश' म्हणतात. तो २००४ मध्ये सुरू झाला. त्यात डबाच नसतो. दिलेल्या जागी जाऊन तेथील खडक, माती किंवा प्रवाह यांचे निरीक्षण करावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. आपल्या जिल्ह्यात अशा जागांस तोटा नाही. झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी भागात २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे बहुकोनी स्तंभ उघडे पडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेला लाव्हा थंड होताना आकसला, त्यास तडे गेले आणि असे स्तंभ तयार झाले. त्याच्या शेजारचा वणीचा भाग कोळशाचा. एकाच जिल्ह्यात अग्निजन्य खडक आणि स्तरित खडकांतील कोळसा असे दोन्ही धडे उघड्यावर मांडलेले आहेत.

यंत्रास जागा कशी कळते?

मुले हा प्रश्न विचारतीलच. तेव्हा उत्तर तयार असावे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत सांगत असतो. हा संकेत सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर या वेगाने येतो. तरीही त्यास सेकंदाचा अल्पसा अंश लागतोच. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे, हे हातातील यंत्र काढते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळल्याने जागा ठरत नाही. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा जवळजवळ ठरते आणि यंत्राच्या साध्या घड्याळातील चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतरात तीनशे मीटरची चूक होते.

हे मैदानावर दाखविता येते. तीन मुलांना तीन खुंट्यांजवळ उभे करावे व प्रत्येकाच्या हाती ठरावीक लांबीची दोरी द्यावी. तिन्ही दोऱ्यांची मोकळी टोके ताणून जेथे एकत्र येतील, तीच जागा. दोन दोऱ्यांनी दोन जागा संभवतात, तिसरीने एकच उरते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

आता आकड्यांचा अर्थ. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. त्याचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, सुमारे १.८५ किलोमीटर, आणि एक सेकंद सुमारे ३१ मीटर. रेखांशाचे अंतर ध्रुवांकडे कमी होत जाते; आपल्या जिल्ह्यात एक अंश सुमारे १०४ किलोमीटर आणि एक सेकंद सुमारे २९ मीटर भरतो. भ्रमणध्वनीत पुष्कळदा दशांश अपूर्णांकात अंश दिलेले असतात. तेथे चौथा दशांश अंक एकाने बदलला की जागा सुमारे दहा-अकरा मीटरने सरकते. दशांश अपूर्णांकाचे स्थानमूल्य शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अंक चुकला की मुलगा दुसऱ्याच्या शेतात पोहोचतो!

रेखांश आणि वेळ यांचा संबंधही येथेच सांगावा. एका अंशास चार मिनिटे. आपल्या जिल्ह्याच्या पूर्व टोकास माध्यान्ह पश्चिम टोकापेक्षा सुमारे सात मिनिटे आधी होते. भारतीय प्रमाणवेळ ८२°३०′ रेखांशाची असल्याने यवतमाळ येथे सूर्य सर्वांत उंच येतो तो सरासरीने बारा वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास. नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ बाराच्या जवळ असते, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेबाराच्या. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ मुलांनी टिपावी. त्याच सावलीने खरी उत्तर दिशाही सापडते. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

आपल्या भूमीतील जुने मापन

उपग्रह येण्यापूर्वी ही मापे कशी घेतली, हेही मुलांना सांगावे. कारण ती कथा आपल्या दारावरून गेलेली आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. कन्याकुमारीपासून उत्तरेस जाणारी तिची मुख्य साखळी अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपासने, म्हणजे आपल्याच मुलखातून, वर गेली. हा रेखांश यवतमाळ शहराच्या पश्चिमेस केवळ बारा-तेरा किलोमीटरवर आहे. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांनी खांद्यांवरून टेकड्यांवर चढविले. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर असताना, वर्धा नदीपलीकडील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. आज मुलाच्या हातातील भ्रमणध्वनी क्षणात जे सांगतो, त्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली, हे कळल्याने त्या आकड्यांविषयी आदर वाटू लागतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी पुसद भागातील एका तांड्यावरील शाळेत तेथील गुरुजींच्या मदतीने मी हा प्रयोग केला. होळी होऊन गेली होती. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे नुकतीच परतली होती आणि पाचवीच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसला होता. दिवाळीनंतर तो शाळेत आलेलाच नव्हता. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे चार महिन्यांची रिकामी घरे होती. वाचनात तो अडखळे, म्हणून बोलतही नसे.

डबा आम्ही पांदणीच्या कडेला, धुऱ्यावरील दगडांत ठेवला होता. मुलांचा गट भ्रमणध्वनी घेऊन जागेपाशी पोहोचला. पण तेथे आकडे स्थिर राहीनात. झाडांखाली, ओढ्याच्या काठाला असे होतेच. यंत्र पाच-दहा मीटर इकडे-तिकडे दाखविते. मुले गोल गोल फिरू लागली. हा मुलगा मात्र यंत्राकडे न पाहता दगड पाहत होता. थोड्या वेळाने त्याने एका दगडाकडे बोट दाखविले. धुऱ्यावरील सारे दगड वरच्या अंगास उन्हाने काळवंडलेले होते. या एकाचीच मातकट बाजू वर आली होती. डबा त्याच्याच खाली होता.

वहीत त्याने सावकाश आपले नाव लिहिले. मग गुरुजींना विचारले, "सर, आम्ही जातो तो कारखानाही या आकड्यांत असतो का?" गुरुजींनी त्या कारखान्याचे अक्षांश-रेखांश काढून दिले. वर्गात परतल्यावर त्याने राज्याच्या नकाशावर दोन ठिपके दिले व त्यांमध्ये रेषा ओढली. ती पाहून आणखी तीन मुले उठली. त्यांचे कारखाने निराळे होते. त्या दिवशी नकाशावर चार रेषा उमटल्या. हजेरीपटावरील रिकामी घरे कोठे गेली होती, ते त्या रेषांनी आम्हांला प्रथमच दाखविले.

पुढील दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हा गेला. एका खेळाने स्थलांतर थांबत नाही आणि तसा दावाही मी करणार नाही. पण जाण्यापूर्वी गुरुजींनी त्याच्या वहीच्या मुखपृष्ठावर शाळेचे अक्षांश-रेखांश लिहून दिले होते आणि परतल्यावर ती वही त्याच्या दप्तरात होती. भटकणाऱ्या मुलाजवळ जे ज्ञान आहे, त्यास शाळेत स्थान मिळाले, तर ते मूल शाळेत टिकण्याचा संभव वाढतो. माझ्या मते या खेळाचे खरे मोल येथे आहे.

शाळेत कसे करावे?

१. इयत्ता तिसरी-चौथीसाठी यंत्र वापरू नये. शाळेच्या आवाराचा आराखडा मुलांकडून काढवून घ्यावा व 'कडुनिंबापासून पूर्वेस वीस पावले, तेथून उत्तरेस बारा पावले' अशा सूचनांनी डबा शोधावयास लावावा. आपले पाऊल किती सेंटिमीटरचे, हे प्रत्येकाने आधी मोजावे.

२. पाचवीपासून अक्षांश-रेखांश द्यावेत. शिक्षकांचा एक भ्रमणध्वनी पुरेसा आहे. चार-पाच मुलांचा गट करावा: एकाने आकडे वाचावे, एकाने दिशा सांगावी, एकाने पावले मोजावी, एकाने नोंद ठेवावी. कामे दर वेळी बदलावीत; मुलींच्या वाट्यास केवळ नोंद ठेवण्याचे काम येऊ देऊ नये.

३. शेवटची दहा पावले यंत्राविना, डोळ्यांनी शोधावीत.

४. डब्यात खाऊ वा पैसे न ठेवता प्रश्न ठेवावा. 'येथून दिसणाऱ्या नाल्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते?' 'या धुऱ्यावर कोणती झाडे आहेत?' उत्तर मिळाले की पुढील डब्याचे आकडे द्यावेत.

५. गावातील जुनी विहीर, बाजाराचा पार, हद्दीचा दगड अशा जागांची माहिती वृद्धांस विचारून मुलांनी लिहावी व त्या जागांचे अक्षांश-रेखांश तिच्यासोबत नोंदवावेत. वर्षअखेर शाळेजवळ गावाचा स्वतःचा नकाशा तयार होईल.

दक्षता

पहिल्या प्रयोगात माझ्याच हातून एक चूक झाली, ती सांगणे योग्य होईल. गावात कोणास न सांगता मी एक डबा नाल्यावरील मोरीखाली ठेवला. एका गुराख्यास तो दिसला. तो घाबरला आणि त्याने पोलीस पाटलांस कळविले. बेवारस वस्तूस हात लावू नये, हे लोकांना शिकविले गेलेच आहे. तेव्हा त्याचे वागणे बरोबर होते. चूक माझी होती. गावाची क्षमा मागून मला डबा स्वतः उघडून दाखवावा लागला.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच व पोलीस पाटील यांस आधी सांगावे. डबा पारदर्शक असावा व त्यावर शाळेचे नाव असावे. शेतमालकाची संमती घ्यावी. उभ्या पिकात जाऊ नये. विहीर, शेततळे, खदान, विजेचा खांब, रेल्वेमार्ग व वाहता रस्ता यांजवळ डबा ठेवू नये. बिळात किंवा दगडांच्या सांदीत मुलांनी हात घालू नये. काठीने दगड आधी हलवावा. पावसाळ्यात व फवारणीच्या दिवसांत कापसाच्या शेतांकडे मुलांस नेऊ नये. अभयारण्याच्या व वनाच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकू नये. खेळ संपताच सारे डबे परत आणावेत आणि येताना वाटेतील कचराही उचलून आणावा. जगातील ठेवा-शोधकांनीही ही चाल पाडली आहे.

ज्या केंद्रांतील शिक्षकांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी प्रथम आपल्या शाळेचे अक्षांश-रेखांश काढावेत आणि प्रवेशद्वाराजवळील भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत. खर्च काही नाही. थोडा रंग पुरेल. त्याखाली मुलांनी रोज एकदा तरी उभे राहावे आणि हे आकडे जगातील दुसऱ्या कोणत्याही जागेचे नाहीत, हे समजून घ्यावे. पुढील शाळाभेटीत मी प्रश्न तोच विचारणार आहे. त्या वेळी मुलांनी भिंतीवरील नकाशाकडे न धावता आधी खिडकीबाहेर पाहावे, अशी माझी अपेक्षा आहे.